गरम रेणू कशी निवते?

नांदेडच्या आमच्या गल्लीत मे महिना आधी कानांना कळतो. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. कोणीतरी त्यांचे वाकलेले पत्रे ठोकून सरळ करतं, कुजकं गवत उपसून नवं भरतं. मग पहिल्यांदा पाणी सोडून पंखा फिरवला की चार घरांपर्यंत ओल्या गवताचा वास जातो. याच आठवड्यांत बारावीची पोरं सुटतात. सुटतात म्हणजे एका परीक्षेच्या दारातून बाहेर पडून दुसरीच्या दारात उभी राहतात. आणि भिंतींवर क्लासवाल्यांच्या जाहिरातींतले फोटो चढतात. ओळीनं चेहरे, खाली गुण, गळ्यात छापील हार. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. भिंतीवर काय चिकटवलंय ते वाचल्याशिवाय माझा पाय पुढं पडत नाही, आणि हे फोटो वाचून दरवर्षी माझं डोकं तापतं. तापलं की ते आपोआप एका जुन्या मे महिन्याकडं जातं. रेणापूरच्या.

त्या वर्षी एक वर्ग बंद पडणार होता. रेणापूरजवळच्या एका लहान कॉलेजातला, बीएस्सीचा, भौतिकशास्त्राचा. वरून पत्र आलं होतं. जूनअखेर पहिल्या वर्षाला पंधरा नावं झाली तर वर्ग चालेल, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप आणि बिरादार सरांची बदली. बिरादार सर म्हणजे ज्यांनी मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला लोलकातून ऊन फाडून सात रंग दाखवले, ते. आमच्या शिक्षणाच्या काळात वडील रेणापुरात शाळेवर होते, आम्ही दोघी त्याच कॉलेजात शिकलो. सरांच्या वहीत अकरा नावं होती.

‘चार पोरं कमी पडून राहिली, बाई,’ सर फोनवर म्हणाले. आज ढग आलेत, असं सांगावं तसं.

त्यांच्या त्या शांतपणानंच मी पेटले. लातूरकडं भौतिकशास्त्र शिकवत नाहीत असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. पहाटेपासून तेच शिकवतात. हजारो पोरं गावं सोडून खोल्यांत राहतात, डब्याचं खातात आणि भौतिकशास्त्र करतात. पण कशासाठी? चार गोलांपैकी एका गोलात शाई भरण्यासाठी. गोल बरोबर भरला की डॉक्टर, चुकला की आणखी एक वर्ष तीच खोली, तोच डबा. लोलकातून ऊन कसं फाटतं हे बघायला कोणाला सवड नाही, आणि ज्या एका खोलीत ते बघता येत होतं तिला कुलूप लागणार होतं. मी पोरींच्या वसतिगृहाच्या संडासांसाठी पत्रक काढलं आहे, एसटीच्या थांब्यासाठी काढलं आहे. भौतिकशास्त्रासाठी कधी काढलं नव्हतं. काढायचं ठरवलं.

कारण त्याच महिन्यात आक्का घरी येणार होती.

आक्का म्हणजे माझी ही थोरली बहीण. तिला बारावीला इतके गुण पडले होते की नातेवाईक आमच्या घरी पेढे घेऊनच आले, तिनं काय व्हायचं ते ठरवूनच. आक्का म्हणाली, मी बिरादार सरांकडं जाणार. पेढ्यांची चव गेली. ‘गुण मातीत घातले पोरीनं’ हे वाक्य मी पुढं कित्येक वर्षं लग्नांमधून ऐकलं. आता ती दूरच्या एका थंड देशात संशोधन करते. कशावर, तर तापलेले रेणू आणि अणूंचे लहान लहान पुंजके आपली उष्णता कशी टाकतात यावर. हे कळल्यावर आमची मावशी म्हणाली, ‘एवढं शिकून गार कसं व्हायचं तेच बघती का? मग कूलर घ्यायचा की.’

सगळे हसले. आक्का सगळ्यांत जास्त हसली. मी हसले नाही. मला तेव्हा हसता येत नसे.

त्या मे महिन्यातलं आमचं घर मला वासानं आठवतं. आईनं ट्रंक उघडली होती. आतल्या साड्यांना डांबरगोळ्यांचा तो नाकात चढणारा वास. आक्कानं एक झिजलेली गोळी बोटांत धरली आणि म्हणाली, ‘ही बघ, माझी नोकरी.’

मला वाटलं चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. या गोळीतला एकेक रेणू म्हणजे दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन. मधमाश्यांच्या पोळ्यातली शेजारशेजारची दोन घरं, तसा आकार. गोळी ट्रंकेत झिजते म्हणजे असे रेणू एकेक करून निघून जातात. तिच्या प्रयोगशाळेत अशाच रेणूंना, त्यांच्या भाऊबंदांना, कधी नुसत्या कार्बनच्या पुंजक्यांना विजेचा भार देऊन तापवतात आणि एका मोठ्या कड्यात सोडतात. कड्यातली हवा काढून घेतलेली. भिंती इतक्या गार की उरलीसुरली हवाही तिथं थिजून बसते. त्या पोकळीत एकेक रेणू गोल गोल पळत राहतो. त्याला कोणी शिवत नाही. तो कोणाला शिवत नाही. आणि तो आतून तापलेला आहे.

‘मग तो गार कसा होतो?’ मी विचारलं.

‘तेच तर,’ आक्का म्हणाली. ‘तेच सांगायला येते तुझ्या कार्यक्रमाला.’

पत्रकाचा मथळा मी लिहायला बसले. पुस्तकी शब्द होता ‘शीतन’. तो वाचून रेणापुरात एक माणूस आला नसता. आक्का म्हणाली, ‘थंड होणं’ लिही. मी म्हणाले, आक्का, तू लई दिवस बाहेर राहिलीस. आपल्याकडं आंदोलन थंड होतं, धंदा थंड होतो, गोळी लागली की माणूस थंड होतो. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, निवणं. चहा निवतो. तवा निवतो. भाकरी निवते. राग निवतो. आणि पोरीनं काही करून दाखवलं की आईबापांचे डोळे निवतात.

आक्कानं तो शब्द दोनदा पुटपुटला. एका भाषेत आयुष्याची दहा वर्षं घालवून दुसरीत परत आलेली माणसं शब्द पुटपुटतात तेव्हा त्यांच्याकडं बघवत नाही. ‘निवणं,’ ती म्हणाली. ‘हाच. माझ्या रेणूला हाच पाहिजे.’

मराठीत विज्ञान सांगता येत नाही म्हणणाऱ्यांना मी त्या दुपारी मनात दोन पानं शिव्या दिल्या. एका तापलेल्या भांड्याचं, एका तापलेल्या माणसाचं आणि अवकाशातल्या एका एकट्या रेणूचं जे काही होतं त्याला आमच्याकडं एकच क्रियापद आहे, आणि ते आमच्या चुलीजवळ पडून होतं. मी मथळा लिहिला: ‘गरम रेणू कसा निवतो?’ खाली आक्काचं नाव, शाळेचं पत्र्याचं सभागृह, सायंकाळी सहा. कागद लातूरला हमीदभाईंच्या छापखान्यात पाठवला. मुद्रित बघायला वेळ नव्हता.

गठ्ठे एसटीनं थेट रेणापूरला आले, तिथं मी होतेच. आमच्या कार्यकर्त्या पोरांनी रातोरात नाही, भर दुपारी उन्हातच चिकटवले, कारण खळ लगेच वाळते. बाजार, बसस्थानक, पिठाची गिरणी, देवीच्या रस्त्यावरच्या हॉटेलांच्या भिंती. सगळीकडं लावून झाल्यावर मी पहिल्यांदा नीट वाचलं.

‘गरम रेणू कशी निवते?’

मी हमीदभाईंना फोन लावला. ते माझ्यावरच खूश होते. ‘मॅडम, तुमच्या कागदात गलती होती. रेणू पोरीचं नाव हाय ना? तुम्ही लिहिलं कसा निवतो. मी बोललो, मॅडम घाईत असतील. दुरुस्त करून टाकलं.’

‘हमीदभाई, रेणू म्हणजे… तो तो असतो. तो रेणू.’

‘तो रेणू?’ पलीकडं त्यांनी यंत्र बंद केलं. ‘रेणापुरात?’

हा प्रश्न बिनतोड होता. ज्या गावात देवी रेणुका आणि घरटी एक रेणू, तिथं रेणू पुल्लिंगी आहे हे फक्त पाठ्यपुस्तकाला माहीत. आणि गरम म्हणजे काय हेही गावाला माहीत होतं. गरम म्हणजे रागावलेली. गावानं पत्रक वाचलं आणि समजून घेतलं की परदेशातून एक बाई येणार आहे आणि तापट पोरीचा राग कसा शांत करायचा ते सांगणार आहे.

मी कात्री घेऊन बसले. ‘कसा निवतो’ अशा चिठ्ठ्या कापून प्रत्येक पत्रकावर डकवायच्या, असं माझं म्हणणं. आक्कानं कात्री काढून घेतली. ‘राहू दे गं. येतील तेवढे येऊ देत.’ मी तिच्यावर खेकसले, हमीदभाईंवर तर आधीच खेकसले होते, आणि आमच्या कार्यकर्त्यांपैकी जो एकजण हसला त्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. तो खरंच आला नाही. माझी अशी माणसं बरीच गेली आहेत. हेही सांगून टाकते, कारण पत्रकात आपण दुसऱ्यांचंच तेवढं सांगतो.

सहा वाजता पत्र्याचं सभागृह भरलं. दिवसभराच्या उन्हानं पत्रा वरून धग टाकत होता. बिरादार सरांनी मागच्या बाकांवर अकरा मुलांना बसवलं होतं आणि पुढं, सतरंजीवर, दारापर्यंत बायका. पदरानं वारा घेणाऱ्या, कडेवर लेकरं असलेल्या, कामावरून थेट आलेल्या. माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला एवढ्या बायका आल्या नव्हत्या, आणि त्या चुकीनं आल्या होत्या.

आक्का उभी राहायच्या आत दारातून एक पोरगी सरळ माझ्यापुढं आली. हातात फाडून आणलेलं पत्रक, मागं तिची चुलती.

‘हे तुमीच छापलं का?’

‘हो.’

‘माझं नाव कामून घेतलं? क्लासची पोरं सकाळपासून चिडवून राहिलीत. गरम रेणू आली, गरम रेणू आली.’ तिनं पत्रक माझ्या डोळ्यांपुढं धरलं. ‘मी काय केलंय तुमचं?’

चुलतीचं नाव गयाबाई. त्या म्हणाल्या, ‘पोरीची बारावी झाली, बाई. तिचा बाप म्हणतो, डाक्टरकीचा पेपर बिघडला तर पुन्हा एक साल लातूरला ठेवतो. आधीच डोकं फिरलंय तिचं. त्यात तुमी गावभर चिटकवलं.’

चूक झाली, असं म्हणायला मी तोंड उघडलं. सवय नसल्यानं शब्द लवकर सापडले नाहीत. तोवर आक्का पुढं आली. ‘रेणू, बस. तुझ्याच नावाचा एक दुसरा आहे. त्याची गोष्ट ऐक, मग मला काय बोलायचं ते बोल.’

रेणू बसली नाही. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

आक्कानं समोरचा चहाचा ग्लास उचलला. ‘हा का निवतो?’

‘वारं लागतं की,’ कोणीतरी म्हणालं.

‘आणि वाफ जाती,’ दुसरी.

‘आणि माठातलं पाणी?’

‘माठ पाझरतो म्हणून.’

‘बरोबर. माठ थोडं पाणी देऊन टाकतो आणि उरलेलं गार ठेवतो. आता असा एक कण घ्या, इतका लहान की डोळ्याला दिसणार नाही. त्याला वारं नाही. बशी नाही. शेजारी कोणी नाही. तो तापलाय. आत सगळं थरथरतंय. त्यानं काय करावं?’

वारा घेणारे पदर थांबले. तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला तो कण ओळखीचा होता.

आक्कानं सांगितलं. तो तुटू शकतो. आपलाच एक तुकडा फेकतो, तुकड्याबरोबर धग जाते, उरलेला निवतो. पण तो उरलेला आता कमी झालेला असतो. किंवा तो एक इलेक्ट्रॉन फेकतो, ठिणगी उडावी तसा. हे दोन्ही त्याला महाग पडतात. तिसरा रस्ता उजेडाचा. एक उजेड मंद, डोळ्याला न दिसणारा, आत्ता हा पत्रा टाकतोय तसा. त्यात फार वेळ जातो. तेवढ्यात रेणू तुटून जायचा. पण कधी कधी आतली विखुरलेली थरथर आपोआप एका इलेक्ट्रॉनपाशी गोळा होते, तो वर चढतो, आणि खाली येताना एका झटक्यात मोठा उजेड टाकतो. एकदा टाकला की बरीच धग गेली. रेणू तुटत नाही. आहे तसा राहतो आणि निवतो.

‘ताऱ्यांच्या मधल्या अंधारात,’ आक्का म्हणाली, ‘डांबरगोळीच्या घराण्यातले रेणू सापडलेत. हिशेबानं ते इतके टिकायला नको होते. टिकले. आम्हाला वाटतं, असा उजेड टाकून टिकले.’

गयाबाईंनी पदर सावरला. ‘म्हंजे ज्याच्याकडं पाझरायला पाणी न्हाई, त्यानं उजेड द्यावा.’

‘द्यावा असं नाही, काकू. देता आला तर. सगळ्यांना नाही येत. एखादा अणू कमी-जास्त झाला तरी पुंजक्याचं वागणं बदलतं.’

‘हाव, ते बी खरंय. आमच्या घरात चार जावा, चौघींची तऱ्हा येगळी.’

हशा ओसरला तेव्हा भिंतीकडून आवाज आला. रेणूनं हात वर केला नव्हता, घडी तशीच होती.

‘तो एकटाच हाय म्हणता. मग तो तापलाय हे तुमाला कळतं कसं? थर्मामीटर कुठं लावता त्याला?’

बिरादार सर बाकावरून उठून उभेच राहिले. आक्काचा चेहरा मी तेव्हा पाहिला. नातेवाइकांपुढं तिनं सरांचं नाव घेतलं त्या दिवसानंतर मी तिला इतकं खुललेलं पाहिलं नव्हतं.

‘लावता येत नाही,’ ती म्हणाली. ‘हाच आमचा सगळ्यांत मोठा त्रास. थर्मामीटर शिवला तर तो एकटा राहिला कुठं? म्हणून आम्ही वाट बघतो. तो काय फेकतो ते बघतो, आणि किती वेळानं फेकतो ते. फेकला तो तुकडा की उजेड? लवकर की उशिरा. त्यावरून आत किती धग होती ते ओळखतो.’

‘आमाला बी कुनी थर्मामीटर लावलं न्हाई कधी,’ गयाबाई म्हणाल्या. ‘काय फेकलं तेवढंच बघत्यात.’

यावेळी कोणी हसलं नाही. रेणूनं हाताची घडी सोडली आणि चुलतीच्या शेजारी सतरंजीवर बसली.

पुढचा महिनाभर मी रोज सरांना फोन करायचे. निकाल लागला. बारावं नाव आलं, मग तेरावं, चौदावं. तिन्ही पोरी, तिन्ही त्या सतरंजीवरच्या बायकांच्या. राग शांत करायचा उपाय ऐकायला आलेल्या आयांनी लेकी आणून दिल्या होत्या. मग आकडा हलेना. रेणूचा बाप लातूरची खोली ठरवून आला होता. मी त्याच्याविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं, दोन ओळी लिहून फाडलं. लढायचं होतं ते गयाबाई घरात लढत होत्या, आणि त्यांना माझ्या कागदाची गरज नव्हती. जूनच्या शेवटच्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. ‘पंधरा,’ एवढंच म्हणाले. आवाज पुन्हा तोच, ढग आलेत सांगणारा. पण यावेळी फोन ठेवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. पलीकडं ते कोणाला तरी सांगत होते, ‘बस माय, बस. अर्ज मी भरतो.’

मी कार्यक्रमातून काढून टाकलेल्या त्या पोराला त्या दिवशी फोन केला. तो आला. त्यानं पहिलं काय केलं असेल, तर हसला.

वर्ग अजून चालू आहे. मी हे अभिमानानं लिहिते, आणि ज्यांना लहान गावातल्या एका प्रयोगशाळेचा अभिमान म्हणजे काय ते कळत नाही त्यांच्यासाठी मला वेगळं पत्रक काढावं लागेल. बिरादार सरांच्या कपाटात तो लोलक आहे. आक्का फोनवर दरवेळी त्याची खुशाली विचारते, घरच्या माणसाची विचारावी तशी. आणि रेणू यंदा इथं नांदेडला, विद्यापीठात, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अजून तापते. परवाच एका प्राध्यापकाशी आकृतीच्या चुकीवरून भांडून आली. चूक त्यांचीच निघाली.

काल ती कूलरच्या वासातून जिना चढून आली. हातात एक कागद. येत्या रविवारी रेणापूरच्या त्याच पत्र्याच्या सभागृहात ती बोलणार आहे. तिच्या मागोमाग हमीदभाईंचा फोन आला. त्यांनी आता लातूरबरोबर इथंही, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दुकान टाकलंय.

‘मॅडम, या पोरीला समजवा. यावेळी मी बराबर टाकलं होतं, कसा निवतो. तुम्ही एवढं बोलला होता ना मला. हिनं खोडलं. म्हणते, कशीच ठेवा, आणि तसाच पहिला कागद काढून घेऊन गेली.’

मी रेणूकडं पाहिलं. ती माझ्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरचे फोटो वाचत होती. सगळे, ओळीनं.

‘राहू द्या, हमीदभाई,’ मी म्हणाले. ‘ती म्हणते तेच बरोबर.’

कागदावर मोठ्या अक्षरात होतं: गरम रेणू कशी निवते? खाली वक्त्याचं नाव, रेणुका. पूर्वी मी समोरचे ते फोटो फाडायचे. काल खळीचा डबा घेऊन खाली उतरले आणि फोटोंच्या शेजारी जागा बघितली, कोणाचाही चेहरा न झाकता. यंत्रातून नुकताच निघालेला तो पहिला कागद अजून गरम होता. तो निवायच्या आत मी भिंतीला लावला.